कॅबिनेटमधल्या पुड्या

बंद पडलेल्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड बदलायला सौदामिनीनं कॅबिनेट उघडलं. आत गुटख्याच्या पुड्या कोंबल्या होत्या. जुना बोर्ड सुपारीच्या चुऱ्यानं आणि झुरळांच्या घाणीनं माखला होता. तोंडात पांढरा चट्टा उठल्यावर तिच्या नवऱ्यानं, राघवेंद्रनं, लेकीच्या, वैष्णवीच्या, डोक्यावर हात ठेवून गुटखा सोडल्याची शपथ घेतली होती. नाकाला ओढणी बांधून तिनं नवा बोर्ड बसवला आणि कीबोर्डवर चिठ्ठी ठेवली:

"अहो, कॉम्प्युटर सुरू झालाय. तुमच्या पुड्या झुरळांसकट तुमच्याच ताटात काढून ठेवल्यात. वैष्णवीला घेऊन मी मुरुडला आईकडं चालले. डॉक्टरला तोंड दाखवा, मगच फोन करा. स्वयंपाक केला न्हाई. अन्नाला हात लावायचीबी किळस येऊन राहिली."