इंजिन आधीच गरम होतं

प्रिय आप्पा,

तुम्ही गेल्याला तीन वर्षं झाली, एक ओळ लिहिली नाही. आज उद्यमबागेतल्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता लिहायला बसलोय. घरी सांगितलं तर सगळेच घाबरतील. बाळूला सांगून झालंय, तो हसतोय.

बाळू होडी घेतोय. तुमची वल्ह्याची होडी आता कुजली. निपाणीजवळ वेदगंगेच्या काठी एकाने मासेमारी सोडली, त्याची ही जुनी फायबरची होडी, मागे पेट्रोलचं इंजिन. रविवारी आम्ही दोघं भाऊ बघायला गेलो. बाळूने तळावरून हात फिरवला, आत पाणी ओतून कुठे पाझरतंय का ते पाहिलं, अगदी तुम्ही पाहायचात तसं. इंजिनाशी मात्र मला पुढे ढकललं. "अण्णा, ह्यातलं तुलाच कळतंय. तूच सांग."

मला काय, वीस वर्षं लेथवर काढलेली! पंखा फिरवला, तेल बोटावर घेऊन पाहिलं. पाण्याच्या पिंपात इंजिन सोडून दोरी ओढली, पहिल्याच हिसक्याला सुरू. "घे," म्हणालो. एवढ्या ऐटीत म्हणालो की मालकानेसुद्धा मान डोलावली.

आज सकाळी कामावर आलो, मशीनला हात लावला. गरम होतं, रात्रपाळी नुकतीच संपलेली. आणि एकदम आठवलं. रविवारी इंजिनाचं झाकण काढलं तेव्हा तेही असंच गरम होतं, आप्पा! आम्ही पोचण्याआधीच मालकाने ते चालवून ठेवलं होतं. आमच्या शेडमध्ये तिन्ही पाळ्या चालतात, मशीन कधी गार सापडतच नाही. त्यामुळे माझ्या हाताला काही खटकलंच नाही. गरम इंजिन कुणीही सुरू करेल, खोट कळते ती गार असताना. बाळूने आपल्या हिडकल धरणाच्या मधोमध ते बंद केलं, जाळं ओढेपर्यंत गार झालं आणि वर वारा सुटला, तर?

लगेच बाळूला फोन लावला.

"बाळ्या, इंजिन आधीच गरम हुतं रं."

"सुरू झालं न्हवं? मग झालं की."

"गार असताना न्हाय बघितलं मी."

"अण्णा, तू बघितलंयस, मला तेवढं बास हाय. उद्या सकाळी टेम्पो होडी घेऊन हिडकलला येतोय."

तेवढं बास! याचीच तर मला भीती वाटते. माझ्या एका शब्दावर तो पाण्यात जाणार.

तुम्हीही एकदा मला असंच इंजिन बघायला बोलावलं होतंत. मी सुट्टी नाही म्हणून सांगितलं. सुट्टी होती, आप्पा. मला धरणावर यायलाच नको वाटायचं. तुम्ही मग इंजिन घेतलंच नाही, दुखऱ्या खांद्याने शेवटपर्यंत वल्हं मारलंत. पण एक विचारू? लहानपणी बाळूला तुम्ही पाण्यात ढकललंत. मी रडलो तर मला काठावर का बसवलंत? मलाही ढकलायचं होतंत.

उद्या मी टेम्पोच्या आधी हिडकलला पोचतो. सगळ्यांसमोर सांगेन, माझं चुकलं, इंजिन गार असताना पुन्हा बघायचंय. दोरी मीच ओढेन. नाही सुरू झालं तर होडी परत जाईल, बाळू कितीही चिडू दे. सुरू झालं तर मधोमध नेऊन बंद करायचं, पार गार होऊ द्यायचं आणि पुन्हा ओढायची दोरी. त्या वेळी मी काठावर नसेन, होडीत बाळूच्या शेजारी असेन. शब्द देतो.

तुमचा थोरला, अजूनही पोहता न येणारा,
सुरेश