भिंतीकडची खुर्ची

प्रिय सुनेत्रा,

लग्न ठरल्यावर तुला मी तीन पत्रं लिहिली होती. त्यानंतर आज. छत्तीस वर्षांत तू माझ्यापासून आठवडाभरसुद्धा लांब राहिली नाहीस, मग पत्र लिहायचं कुणाला? आता मात्र तू नवलाख उंबऱ्यात रतनबाईंच्या घरी आहेस. चौथ्या केमोनंतर चार दिवस म्हणून गेलीस आणि आज बारावा दिवस. रोज फोनवर तू विचारतेस, 'तुमचं कसं चाललंय?' आणि मी सांगतो, 'मजेत.' ते खोटं आहे. मी मजेत नाही, मी जळतोय. कंपनीत तीस वर्षं क्वालिटी कंट्रोल सांभाळलेला सहासष्ट वर्षांचा माणूस एका साठीच्या बाईवर जळतोय. हे फोनवर बोलता येत नाही. वरच्या मजल्यावरच्या शुभदाताईंना सांगण्यासारखं नाही. आपल्या लेकीला, कौमुदीला तर नाहीच, ती नाशिकहून तातडीने येईल आणि तुझं सोडून माझीच तब्येत बघत बसेल.

आधी तुझं म्हणणं मान्य करून टाकतो. तू म्हणालीस, पावसाळा आहे, शनिवार-रविवारी सगळी दुनिया भुशी धरणाला लोटते, अशात तुला ताप चढला आणि आपण घरून निघून लोणावळ्यातच गाड्यांत अडकून पडलो तर? रतनबाईंच्या घरून हॉस्पिटल वीस मिनिटांवर. डॉक्टरांनीही मान डोलावली, स्वच्छ खोली आणि उकळलेलं पाणी एवढीच अट घातली. मी एका शब्दाने अडवलं नाही. तुझी बॅग मीच भरली, थर्मामीटर मीच ठेवला. पण उर्से टोलनाक्यावरून एकटा परत येताना मला पुरतं कळत होतं की भुशीची गर्दी हे निमित्त आहे. तुला तिथेच जायचं होतं. पुढच्या गुरुवारी पाचवी केमो. त्यानंतर तू कुठे जाणार हे तू अजून बोललेली नाहीस, आणि मी विचारलेलं नाही.

एप्रिलमध्ये रिपोर्ट आला तेव्हा तू गप्प झालीस आणि मी कामाला लागलो. मला दुसरं येतं काय? फाईल केली, तिला रंगीत खुणा लावल्या. फ्रिजवर तक्ता चिकटवला: गोळ्या, ताप, पाणी, जेवण, झोप, आंघोळ. कंपनीत कोणताही दोष सापडला की आधी नोंद करायची, मग कारण शोधायचं, ही माझी शिस्त. तू एकदा म्हणालीस, 'मी काय तुमच्या कंपनीतला पार्ट आहे का हो?' मी हसलो. तू हसली नव्हतीस, हे आता आठवतंय.

मग तो पहिला गुरुवार. तुला खुर्चीवर बसवून, सलाईन सुरू झालेलं बघून मी औषधांच्या रांगेत गेलो. पाऊण तासाने परत येतो तर माझ्या स्टुलावर कुणीतरी हिरव्या लुगड्यातली बाई बसलेली. तुझा पाय तिने मांडीवर घेतला होता आणि तळवा चोळत होती. मला वाटलं, उठेल. उठली नाही. मला म्हणाली, 'भाऊ, तुमी तितं भिंतीकडच्या खुर्चीत बसा. मी हाय हितं.' आणि तू हसत होतीस! रिपोर्ट आल्यापासून पहिल्यांदा. मी सहा आठवडे जिवाचा आटापिटा करत होतो आणि ते हसू त्या बाईने पाऊण तासात काढलं. मी भिंतीकडच्या खुर्चीत जाऊन बसलो, सुनेत्रा, आणि तेव्हापासून तिथेच बसलोय.

नंतर नर्सकडून कळलं की या रतनबाई, आणि सहा वर्षांपूर्वी त्यांनाही हाच आजार झाला होता. जमीन कंपन्यांत गेली, मुलगा आणि सून सविता दोघं तिथेच कामाला, घरी करण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून दर गुरुवारी एसटीने येऊन ज्याला गरज त्याच्याजवळ बसतात. कुणी सांगितलेलं नाही, कुणी देत काही नाही. हे ऐकून माझ्या मनात आदर यायला हवा होता. आला तो राग. एवढे पेशंट असताना हिला माझीच बायको का सापडली?

मग सुरू झाले तुमचे दुपारचे फोन. तू बेडरूमचं दार लोटून घ्यायचीस. एकदा तू झोपलेली असताना मी तुझा फोन पाहिला. लाज वाटते, पण पाहिला. रतनबाई, एक्केचाळीस मिनिटं. त्या दिवशी आपण दोघं मिळून किती बोललो हे मी आठवून पाहिलं. 'गोळी घेतलीस का?' 'घेतली.' 'ताप?' 'नाही.' बस. डोक्याला स्कार्फ कसा बांधायचा ते तिने शिकवलं, तोंड आल्यावर काय लावायचं ते तिने सांगितलं. दर वाक्याला तुझं 'रतनबाई म्हणतात' ऐकून माझे कान किटले.

केसांचं मात्र मी अजून विसरलेलो नाही. गळायला लागले तेव्हा मी तीन दिवस पुण्यातली विगची दुकानं पालथी घातली, दोन फोटो पाठवले. तू 'बघू' म्हणालीस. आणि त्याच आठवड्यात तू उंबऱ्याला गेलीस आणि सविताने तिच्या नवऱ्याच्या मशीनने तुझे केस काढले. तू टोपी घालून घरी आलीस. छत्तीस वर्षं रोज सकाळी आरशासमोर तुझी वेणी पडताना पाहिली मी, ती उतरताना पाहायला मी नव्हतो. त्यानंतर तू टोपीशिवाय माझ्यासमोर आली नाहीस. झोपतानाही नाही. मी तक्त्यात काय लिहिणार? त्याला रकाना नव्हता.

आता भाताकडे येतो. त्याच्याचसाठी एवढा वळसा घेतला.

तुला इंद्रायणीचा गुरगुट्या भात किती प्रिय! कामशेतच्या विठ्ठलकडून दर वर्षी नवा तांदूळ घरी येतो, आणि पहिल्या दिवशी तू कुकर न लावता पातेल्यातच शिजवतेस, घरभर वास सुटावा म्हणून. तू आजारी पडल्यावर मी स्वयंपाक शिकलो तो या भातापासून. दोनदा करपला, तिसऱ्यांदा जमला. मग काय, रोज भात. वर तूप, मेतकूट. ताट तुझ्यासमोर आणायचो आणि झाकण काढून म्हणायचो, 'वास बघ!' तू दोन घास खायचीस आणि म्हणायचीस, 'छान झालाय.' मी तक्त्यात लिहायचो, भात, दोन घास. वाईट वाटायचं, पण आजारात भूक मरते अशी समजूत घालून घेत होतो. आणि मग गेल्या मंगळवारी सविता फोनवर सहज बोलून गेली, 'काकूंनी आज आख्खी भाकर खाल्ली, वर वाटीभर आंबील प्यायल्या.' मी 'वा वा' म्हटलं, फोन ठेवला आणि खरंच पोटात दुखायला लागलं. माझ्या हातचे दोन घास आणि रतनबाईंच्या हातची अख्खी भाकरी!

तुला माहीत नसलेली गोष्ट आता सांगतो. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, बुधवारी, मी उंबऱ्याला आलो होतो. डॉक्टरांनी भेटीगाठी कमी करायला सांगितल्यात म्हणून तू 'येऊ नका' म्हणाली होतीस, तरी आलो. सकाळी उठून भात केला, आजवरचा सगळ्यात चांगला, आणि गरम डबा टॉवेलात गुंडाळून गाडी काढली. तू आतल्या खोलीत झोपली होतीस. रतनबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी मला पाहिलं, डबा पाहिला आणि आधी उठून तो माझ्या हातातून घेतला. घरात नेला नाही. अंगण ओलांडून पार फाटकाजवळच्या कट्ट्यावर नेऊन ठेवला. 'भाऊ, ह्यो आत न्हेऊ नका.'

माझा तोल गेला. मी काय काय बोललो ते सगळं लिहवत नाही. माझ्या बायकोला तुम्ही माझ्यापासून तोडलंत, असं बोललो. तिने माझ्या हातचं खाल्लं तर तुमचं काय जातं, असंही बोललो. त्यांनी तुला जाग येईल म्हणून हाताने फक्त 'हळू' अशी खूण केली. मी दमलो तेव्हा म्हणाल्या, 'त्यान्ला भाताचा वास सोसत न्हाई, भाऊ. ह्या औषदात लय जनींचं असं हुतं. मला बी झालतं. आमच्या घरात तवा सा म्हयनं भात शिजला न्हाई, भाताची खाचरं आसून.' मी म्हटलं, मग ती मला 'छान झालाय' का म्हणायची? तर म्हणाल्या, 'तुमचं मन मोडाया नको म्हून. तुमी भात लावला की त्या न्हानीत जाऊन वकायच्या. तुमाला ऐकू जाऊ न्हाई म्हून नळ सोडून ठिवायच्या.'

सुनेत्रा, मी घरी येऊन तक्ता पाहिला. आंघोळीच्या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलंय: दोनदा. दोनदा. तीनदा. दोनदा. मे महिन्यापासून. एका रविवारी तर मी शेरा मारलाय, 'पाणी फार वापरते, सर्दी होईल.' आणि मला आठवतंय, त्यावरून मी तुला बोललोही होतो आणि तू 'उकडतं हो' म्हणाली होतीस. लोणावळ्यात, जूनच्या पावसात. तरी मला शंका आली नाही! हयातभर लोखंडातली केसाएवढी चीर शोधून काढणारा मी, दाराआड माझी बायको काय करतेय ते मला कळलं नाही.

त्या दिवशी मी लगेच निघालो नाही. रतनबाईंनी मला ओट्यावर बसवलं आणि नाचणीची गार आंबील दिली. मी प्यायलो. चांगली होती, हे कबूल करताना आजही जिवावर येतंय. मग त्यांनी विचारलं, 'त्या माझ्यापाशी बोलत्यात. तुमी कुनापाशी बोलता?' एप्रिलपासून हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. मी त्या ओट्यावर, भर दुपारी, परक्या बाईसमोर रडलो. त्यांनी पाठीवर हात वगैरे ठेवला नाही, नुसत्या बसून राहिल्या. मग म्हणाल्या, 'बगून जा त्यान्ला.'

मी दारातूनच पाहिलं. तू कुशीवर झोपली होतीस, टोपी उशीशी निसटून पडली होती. तुझं डोकं मी पहिल्यांदा पाहिलं. बारीक पांढरी लव आली आहे, कानामागे एक तीळ आहे, तो केसांत कधी दिसलाच नव्हता. मला मुळीच भीती वाटली नाही, मी घाबरेन असं तुला वाटत असेल, म्हणून सांगतो. रतनबाईंना म्हटलं, मी आलो होतो हे सांगू नका. त्यांनी सांगितलेलं दिसत नाही. म्हणजे आता माझंही एक गुपित त्यांच्यापाशी आहे. बघ, तुला जरा तरी हेवा वाटतोय का.

माझा गेलेला नाही. उलट वाढलाय. आधी वाटायचं, ती बाई तुला माझ्यापासून नेतेय. आता वाटतं, तिला तू जे सहज सांगू शकलीस ते ऐकण्याजोगा मी का नव्हतो? छत्तीस वर्षांत तू मला 'नको' म्हणाल्याचं मला आठवत नाही. पडद्यांचा रंग, मे महिन्यातलं गाव, कौमुदीचं कॉलेज, सगळं 'छान झालंय'. त्यातलं किती खरं होतं आणि कितीदा तू नळ सोडून बसली होतीस, हे मी त्या दिवसापासून मोजतोय आणि मोजता येत नाही.

तर आता घरची खबर. तांदळाचं पोतं विठ्ठल घेऊन गेला. 'काय बिगडलं तांदळात?' म्हणून तो फुरंगटला होता, त्याला समजावताना नाकी नऊ आले. कुकर शुभदाताईंकडे दिलाय. पडदे धुतले, फडताळं सोड्याने पुसली, दोन दिवस खिडक्या उघड्या ठेवल्या, पावसाने हॉलची गादी भिजली. सविताने फोनवर आंबिलीचं प्रमाण सांगितलं, ती मला जमते. भाकरी थापताना तुटते. तक्ता फ्रिजवरून काढलाय.

हे पाकीट उद्या तळेगावात सविताच्या हाती देतो, ती कंपनीतून सुटल्यावर तुला आणून देईल. पुढच्या गुरुवारी मी तुला उंबऱ्याहून हॉस्पिटलला नेईन. स्टूल रतनबाईंचं, मी भिंतीकडच्या खुर्चीत. मला ते आवडणार नाही, पण बसेन. सलाईन संपलं की आपण गाडीत बसू आणि हॉस्पिटलच्या फाटकापाशी येऊ. तिथून एक रस्ता उंबऱ्याला जातो आणि एक घरी. तू सांगेपर्यंत मी इंडिकेटर लावणार नाही. मागच्यांनी हॉर्न वाजवले तर वाजवू देत. घरी ये असं म्हणायला हे पत्र लिहिलेलं नाही, माझा जीव तेवढ्यासाठी तुटत असला तरी. तुला उंबऱ्याला जायचं असेल तर ते रतनबाईंकडून मला कळू देऊ नकोस, गर्दीचं निमित्त सांगू नकोस. माझ्याकडे बघ आणि म्हण, 'घरी नको.' मला वाईट वाटेल. मी वाटेत एक शब्द बोलणार नाही आणि गाडी नेहमीपेक्षा जोरात चालवीन. पण ते 'नको' तू मला म्हटलेलं असेल, तिला नाही. तेवढं एक तरी माझ्यासाठी ठेव.

तुझाच, अजून जळणारा,
त्र्यंबक