हरल्याचे कार्ड

मराठी शाळा, तळ्याची वाडी,
संगमेश्वर, जि. रत्नागिरी
ता. १९ नोव्हेंबर १९३६

रा. रा. गंगाराम यांस,

रावजीचा नमस्कार. आम्ही इकडे ठीक आहोत. आपण व संघातले सर्व गडी खुशाल असाल अशी आशा आहे.

आपली दोन कार्डे पोचली. एक ८ तारखेच्या सामन्याचे, एक १५ तारखेच्या सामन्याचे. दोन्ही सामने मिलच्या संघाने जिंकले हे वाचून बरे वाटले. हंगामाची सुरुवात अशी झाली म्हणजे पुढे गड्यांना हुरूप राहतो.

माझा भाऊ शिवा माघात गेला. तेव्हापासून हुतूतूशी आणि संघाशी आमच्या घराचा संबंध संपला असे मी धरून चाललो होतो. म्हणून आपले पहिले कार्ड आले तेव्हा थोडे नवल वाटले. आपण कप्तान. मिलचे काम, संध्याकाळचा सराव, रविवारचा सामना, यातून आमच्यासाठी कार्ड लिहायला सवड काढता. कारण मात्र लिहीत नाही. मागच्या नऊ महिन्यांत एक ओळ आली नाही आणि आता आठ दिवसांत दोन कार्डे. असो.

कार्डे मी भावजयीला, म्हणजे शिवाच्या कमळाला, वाचून दाखवतो. ती दाराआड उभी राहून ऐकते.

एक विचारायचे होते. शिवाची ट्रंक आमच्या वाडीच्या, आपल्याच मिलातल्या भागोजीने आणून दिली, तीत धोतरे, कोट, संघाची निळी गंजी, सगळे होते. माझी पत्रे नव्हती. मी त्याला दर पंधरवड्याला लिहीत असे आणि तो पत्रे जपून ठेवी. ती खोलीवर राहिली असतील तर पाठवावी. तशी घाई नाही.

कळावे,
रावजी
(शाळामास्तर)

---

ता. ३ डिसेंबर १९३६

रा. रा. गंगाराम यांस,

नमस्कार. इकडे मळणी उरकली, कुळीथ पेरला. थंडी यंदा बेताची आहे. आपली २२ व २९ तारखेची कार्डे मिळाली. म्हणजे चार सामने आणि चारही जिंकले. अभिनंदन.

आमच्या गावचे टपाल शाळेतच येते आणि ते मीच पाहतो, हे आपल्याला ठाऊक असेल. थैली सोडल्यावर पहिल्यांदा माझी नजर शिक्क्यावर जाते. ती सवयच झाली आहे. आपण लिहिता, "आज रविवार, आताच सामना आटोपून आलो, सात गुणांनी जिंकलो." कार्डावर परळचा शिक्का आहे २१ तारखेचा. २१ला शनिवार होता. पुढच्या कार्डावर २८चा आहे. तोही शनिवार. मागची दोन कार्डे काढून पाहिली. त्यांच्यावरचा शिक्का पुसट आहे, पण ७ आणि १४ असावे असे वाटते.

शनिवारी टाकलेल्या कार्डात रविवारचा सामना कसा जिंकता येतो, हे मला समजत नाही. मी दोन शिक्के दिव्यापाशी नेऊनही पाहिले. टपालखात्याची चूक एकदा होईल, चार वेळा होणार नाही.

आणखी एक. शिवाची खोड आपल्याला माहीत आहे. मरणाच्या कार्डाचा कोपरा फाडतात. शिवा सामना हरला की कार्डाचा कोपरा फाडून पाठवी. "आमचं सुतक सुरू झालं, दादा," असे लिही. आई होती तेव्हा कपाळावर हात मारून घेई. "मेल्या, अभद्र हसतोस काय!" म्हणे आणि मग आत जाऊन तीच हसे. आपण अजून तशी वेळ आणली नाहीत, ते बरे.

आता जे लिहितो त्याचा राग मानू नये. परवा कार्ड वाचून झाल्यावर कमळा म्हणाली, "त्यांच्या जागेवर कोण उभा ऱ्हातो, लिवलंय काय?"

मी म्हटले, "नाही."

"मग पुन्ना वाचा."

मी पुन्हा वाचले. सातच ओळी होत्या. तिने मग विचारले, "गंगारामभावजींनी माझ्यासाठी काय निरोप धाडलाय?" मी नाही म्हटले. तिने असे विचारावे याचे मला आश्चर्य वाटले. बुधवार आला की ती पाण्याला जायची वाट सोडून शाळेवरून जाते. थैली आली का, हे पाहते.

आपली घरवाली जाऊन दोन वर्षे झाली हे मला माहीत आहे. आमच्या जातीत पाट लागतो, विधवेचे दुसरे लग्न होते, आणि त्यात लपवण्यासारखे काही नाही. तसे मनात असेल तर कोणा वडीलमाणसाकडून शब्द टाकावा. विधवेच्या घरात हुतूतूच्या निमित्ताने कार्डे टाकणे बरे दिसत नाही.

पत्रांविषयी आपण काहीच लिहिले नाही. निदान शेवटचे, पौषातले पत्र सापडते का पाहावे. निळसर कागद होता.

कळावे,
रावजी

---

ता. १७ डिसेंबर १९३६

गंगाराम यांस,

देवदिवाळीला भागोजी गावी आला आहे. आल्या दिवशीच अंगणात येऊन बसला. मी सहज म्हटले, "काय भागोजी, तुमच्या मिलच्या संघाने यंदा धडाका लावला म्हणे."

तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "थट्टा करता काय मास्तर? पाचच्या पाच हरले! दर रविवारी सगळे गडी बाद होऊन लोण चढतो. पोरं गंगारामला लोणवाला म्हनतात. परवा एक दांडगा तर बोलला, लोणवाल्या, घरी भाकरीबरोबर लोणचं तरी खातोस का लोणच खातोस?"

भागोजी एकटाच हसला. दाराआड कमळा होती. मी आत पाहिले तर ती तिथून निघून गेली होती.

माझ्यासमोर पाच कार्डे आहेत. पाचांत जिंकलो असे लिहिले आहे. सात गुणांनी, चार गुणांनी, एकदा तर शेवटच्या चढाईत. कोणी कोणाला धरले तेही लिहिले आहे. सगळे खोटे.

तेव्हा आता मी सरळ विचारतो. हरण्याबद्दल माणूस इतके रचून लिहू शकतो, तर मरणाबद्दल त्याने लिहिलेले खरे कशावरून? "शिवा तापाने गेला, चार दिवस होता, काही कमी पडू दिले नाही." आपल्या त्या कार्डात एवढेच होते. शिवा बत्तीस वर्षांचा होता. एका दमात समोरची अर्धी फळी हलवून परत येणारा माणूस चार दिवसांच्या तापाने जातो, हे मी त्या वेळी मान्य केले, कारण दुसरे काही सुचत नव्हते. तो शेवटी कधी खेळला? कोणी खेळवला? त्याच्या छातीवर कोणी पडले होते का? तो नको म्हणत असताना त्याला मैदानावर कोणी उभे केले का?

आणि माझे पौषातले पत्र कुठे आहे? हे तिसऱ्यांदा विचारतो. आपण दोनदा गाळलेत. ते आपण वाचले आहे काय? वाचले असेल तर तसे लिहावे. वाचून ठेवून घेतले असेल तर का, तेही लिहावे. मला अर्धवट माहिती नको.

उत्तर कार्डावर नको. पाकिटात घालून पाठवावे.

रावजी

---

ता. ७ जानेवारी १९३७

चि. गंगाराम यास रावजीचे आशीर्वाद.

तुझे पाकीट आले त्याला आज नववा दिवस. अरेतुरे करतो, चालेल ना? तू शिवापेक्षा दोन वर्षांनी लहान, असे तूच लिहिले आहेस. मला ते माहीत नव्हते.

तुझे पत्र मी शाळेत दार लावून वाचले. तू लिहिलेस की गणपतीत भागोजी गावाहून परतला तेव्हा कमळाने त्याच्यापाशी निरोप दिला होता. "हंगाम लागला की कार्ड टाका, ते टाकायचे तसं." म्हणून तू लिहू लागलास. पण पहिलाच सामना हरण्यासारखा होता. हरल्याचे कार्ड कोपरा न फाडता टाकले तर शिवाची रीत मोडते आणि कोपरा फाडून ते या घरी टाकायला हात धजेना, कारण माघात काय झाले ते तुला भागोजीने सांगितले होते. म्हणून शनिवारीच जिंकल्याचे लिहून टाकलेस. खेळण्याआधी लिहिले म्हणजे ते खोटे होत नाही, असे तुला वाटले. पुढचेही तसेच. मी शिक्के तपासत होतो आणि एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही.

माघात काय झाले ते भागोजीला अर्धेच ठाऊक आहे. शिवा गेल्याचे तुझे ते कार्ड बुधवारी दुपारी थैलीतून निघाले. कोपरा फाटलेला पाहिला आणि मी हसलो. वर्गात मुले बसली होती. त्यांना म्हटले, "आमचा शिवा हरला वाटतं." कार्ड हजेरीपत्रकात घालून ठेवले. हरल्याचे वाचायला मला कधीच घाई नसे. रात्री कमळाने विचारले, "कार्ड आलं काय?" मी म्हटले, "आलं. हरले." ती म्हणाली, "मग पुढच्या ऐतवारी जिंकतील," आणि तिने मला बांगड्याचे तिखले वाढले. आम्ही दोघे जेवलो. कार्ड मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वाचले.

आता त्या पत्राविषयी. तू लिहितोस, खोलीवरच्या मिणमिणत्या दिव्यात शिवाला अक्षर लागत नव्हते, म्हणून माझे पौषातले पत्र तू त्याला वाचून दाखवलेस. म्हणजे तुला सगळे माहीत होते. तरी मी तुला काय काय विचारले.

कागद आता नाही, म्हणून त्यात काय होते ते मी माझ्या हाताने पुन्हा लिहितो. शिवाने मला कळवले होते की दम धरताना छातीत कळ येते, थुंकीत रक्त दिसते, डॉक्टर म्हणतो हा हंगाम सोड. तू आणि गडीही सोड म्हणत होतात. त्याने विचारले होते, दादा, काय करू? मी लिहिले, "खेळणाऱ्याला कळा यायच्याच. अर्धा हंगाम टाकून बसलास तर लोक काय म्हणतील? सारी वाडी तुझ्या कार्डाची वाट पाहते. एवढा हंगाम काढ."

सारी वाडी वाट पाहते हे खरे होते. बुधवारी शाळेच्या पडवीत दहापंधरा माणसे जमत. मी जिंकल्याचे कार्ड वाचायचो आणि लोक म्हणायचे, "मास्तर, तुमचा भाऊ म्हणजे वाघ!" एरवी माझ्याकडे कोणी येत नाही. शिवाला मी लिहिले त्यात माझी ही पडवी होती. त्याची छाती माझ्या मनात आलीच नाही.

तो पत्र ऐकून हसला आणि म्हणाला, "दादाला कार्ड हवंय," असे तू लिहिलेस. पुढचे तीन सामने तो खेळला. तू त्याला धरून ठेवायला हवे होतेस, असे मी दोन दिवस मनात म्हणत होतो. मग तेही थांबले. तू कप्तान होतास, पण तो विचारायला माझ्याकडे आला होता.

आणि ते निळसर पत्र तू त्याच्याबरोबर चितेवर ठेवलेस, घरी कोणाच्या हाती पडू नये म्हणून. बाकीची गोळा करून ठेवलीस, पण त्यांतले एक कमी आहे हे माझ्या ध्यानात येईल म्हणून तीही पाठवली नाहीस. मला वाटत होते तू ते माझ्याविरुद्ध जपून ठेवले आहेस. दर कार्डात मी त्याचाच वास घेत होतो. तुझ्यावर, कमळावर, दोघांवर मी पाळत ठेवली.

तुझे पत्र मी कमळाला वाचून दाखवले. माझे पत्रही तोंडाने सांगितले. ती नेहमीसारखी दाराआड नव्हती. समोर उंबऱ्यावर बसली होती. ऐकून झाल्यावर उठली आणि गोठ्यात गेली. तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. भाकरी वाढायची, पाणी ठेवायची, पण ताट माझ्यापासून हातभर लांब. 

चौथ्या दिवशी, बुधवारी, भर वर्ग चालू असताना शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. मुले बघू लागली. म्हणाली, "थैली आली?"

मी म्हटले, "आली. आपलं काही नाही."

"मला बघू द्या."

मी थैली तिच्यापुढे धरली. तिला अक्षर येत नाही. तिने एकेक पत्र काढून पाहिले, कोपरे चाचपले आणि परत ठेवले. मग म्हणाली, "भावजींना लिवा. हरले तर कोपरा फाडूनच कार्ड टाका. जिंकल्याचं खोटं आमाला नको. आणि कार्ड आलं की आधी माझ्या हातात द्यायचं. मग तुमी वाचायचं, माझ्यासमोर."

मी बरे म्हटले. ती पाण्याला गेली.

तर तिचा निरोप हा असा आहे. माझा वेगळा काही नाही. हंगाम अजून निम्मा आहे. तुझे गडी नवे आहेत, हरतील. शिवाच्या जागी कोण उभा राहतो त्याचे नाव कमळाला कळव. त्याच्या छातीत कधी कळ आली तर त्याला बसव, मग त्याच्या घरून काहीही लिहून येवो.

आणि हरलास की कोपरा फाडत जा. मी ते ठेवून देणार नाही. हाती पडल्या घटकेला तिला हाक मारीन.

तुझा,
दादा