कापडात राहिलेली सुई

बाबा,

हे पत्र मी टाइप करते आहे. हाताने लिहिलं असतं तर पहिल्याच ओळीवर तुम्ही विचारलं असतं, अक्षराले काय झालं वो तुह्या? तेवढा एक प्रश्न मला सध्या कुणी विचारू नये असं वाटतं, अगदी ज्यांना आता काही विचारता येत नाही त्यांनीसुद्धा. इथल्या सीफ भागातल्या ऑफिसात बसले आहे. साहेब मीटिंगला गेलेत, फोन गप्प आहे, काचेबाहेर उन्हात गाड्या तापत उभ्या आहेत. दुपारपर्यंत माझ्याकडे कुणी येणार नाही.

तुमच्या नातीचं लग्न ठरलंय. तुम्ही तिला पाहिलंच नाहीत, ती तुमच्यानंतर इथेच, बहरीनमध्ये झाली. मुलगा स्कॉटलंडचा. इथे इंजिनिअर म्हणून आला, त्याचं कॉन्ट्रॅक्ट या हिवाळ्यात संपतंय, आणि लग्न झालं की दोघं तिकडे जाणार आहेत. चांगला आहे. वरणभात मुकाट्याने खातो आणि मला 'आई' म्हणताना दरवेळी थोडा घाबरतो. लग्नात बुद्धवंदना झाली की तो त्यांच्याकडचा किल्ट घालणार आहे. किल्ट म्हणजे पुरुषांनी कमरेला गुंडाळायचा, गुडघ्यापर्यंतचा, मागे चुण्याच चुण्या असलेला जाड लोकरीचा घागरा. घागरा म्हटलं की पोरगी चिडते. जुन्या पद्धतीचा किल्ट हातानेच शिवतात, आणि चांगल्या शिवणाऱ्याकडे महिनोन्‌महिने नंबर लागत नाही, असं बोलणं जेवताना चाललं होतं. मी म्हटलं, कापड मागव, मी शिवते. सगळे हसले. मी म्हटलं, माझे वडील टेलर होते. मग कुणी हसलं नाही.

पण खरं कारण ते नव्हतं. उन्हाळ्याच्या आधीपासून माझा उजवा अंगठा हलतो. तुमचा हलायचा तसाच, नुसता बसलेला असताना, जणू चिमटीत काहीतरी चोळतो आहे. हमद टाउनच्या दवाखान्यात एकटीच जाऊन आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मोठ्या हॉस्पिटलात जाऊन नीट तपासण्या करून घ्या. मी अजून गेलेले नाही. घरात कुणाला सांगितलेलंही नाही. तुमच्या जावयांना सांगितलं तर ते पोरीला सांगतील, आणि पोरीला कळलं तर ती जाणार नाही. मीही गेले नव्हते ना. लग्न झाल्यावर हे इकडे आले आणि मी दोन वर्षं अकोल्याला तुमच्यापाशी राहिले. त्याचा पश्चात्ताप मला कधी झाला नाही, पण ते दिवस पोरीच्या वाट्याला येऊ नयेत एवढं मला कळतं. म्हणून हात चालतोय तोवर एक मोठं शिवण पुरं करायचं मी मनाशी धरलं होतं. तिला दाखवायला, की बघ, तुझ्या आईला काही झालेलं नाही.

कापड आलं. चांगलं आठ वार, गर्द हिरव्या आणि निळ्या चौकडीचं, मध्ये एक बारीक पांढरी रेघ. सुटीच्या दिवशी सकाळी जेवणाचं टेबल मोकळं करून बसले आणि चुण्या घातल्या. आणि बाबा, मी त्या साडीच्या निऱ्यांसारख्या घातल्या. एक माप धरलं आणि सगळ्या चुण्या त्या मापाच्या केल्या, एकीला एक लागून, सुरेख. सगळं शिवून झाल्यावर लांब उभी राहून पाहिलं तर पांढरी रेघ कुठल्या कुठे. एका चुणीत मधोमध, दुसरीत कडेला, तिसरीत गायब. किल्टची चुणी मापावर नसते, चौकडीवर असते. प्रत्येक घडीत चौकडीचा पुढचा तुकडा असा यायला हवा की मागून पाहिलं तर चुण्या आहेत हे कळूच नये, सपाट कापड वाटावं. वर कमरेकडे चुणी निमुळती होते, तिथेही रेघ सरळच उतरली पाहिजे. सगळं उसवलं. दुसऱ्यांदा चौकडी धरली तर प्रत्येक चुणी दोन-दोन दोऱ्यांनी रुंद झाली, आणि ते दोन-दोन दोरे मिळून किल्ट त्या सडपातळ पोराच्या कमरेपेक्षा चार बोटं मोठा झाला. पुन्हा उसवलं. तुमचे जावई पेपरामागून म्हणाले, "आता खलास कर की. लुंगी दे त्याला."

उसवताना तुम्हीच आठवत होतात. ब्लेड चालायचं नाही तुम्हाला, कात्रीच्या टोकाने एकेक टाका उचलायचा आणि दोरा ओढायचा नाही. जयंतीच्या आधीचे ते दिवस, सगळ्या वस्तीचे पांढरे कुडते आणि पांढरी लुगडी तुमच्याकडे, घरात चालायला जागा नाही, आणि मी तुमच्या पायाशी बसून उसवते आहे. पांढऱ्या सुती कापडावर चुकलेल्या टाक्याचं भोक राहतंच. लोकर तशी नाही, बाबा. ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवली की भोकं मिटतात, काही झालंच नव्हतं असं कापड होतं. हे तुम्हाला सांगावंसं वाटलं. तुम्ही आयुष्यभर सुतीच शिवलंत.

तुम्ही मला मारलंत ते एकदाच. मी एका लेकराच्या झबल्यात सुई टोचून तशीच खेळायला गेले होते. परत आल्यावर पाठीत धपाटा बसला. "सुई कपड्यात सोडत असते काय? लेकराच्या अंगात गेली तं? सुई हातात, नाई तं तिच्या उशीत. तिसरी जागा नाई तिले." तुमच्या दोनच गोष्टी अगदी पक्क्या होत्या, ही एक, आणि दुसरी म्हणजे दोऱ्याला गाठ मारायची नाही. तीन बारीक उलटे टाके घ्यायचे आणि पुढे जायचं. गाठ अंगाला टोचते, म्हणायचात. अजूनही मला गाठ मारताच येत नाही.

तिसऱ्यांदा चुण्या जमल्या. रोज संध्याकाळी ऑफिसातून आले की उजेड आहे तोवर दोन-तीन चुण्या शिवायच्या. पण हात काही ऐकेना. टाके लहानमोठे पडायचे, एखादा टाका रेघ सोडून पळायचा. मी स्वतःला समजवायची, उद्या बघू. आणि गंमत म्हणजे दुसऱ्या दिवशी पाहिलं की कालचं काम इतकं वाईट दिसायचं नाही. मला बरंही वाटायचं. वाटलं, उगीच घाबरले, रात्रीच्या झोपेने हात सुधारतोय. एक दिवस तर मी पोरीला म्हणाले, "बघ, तिसऱ्या फेरीत हात बसलाय माझा." ती म्हणाली, "लुक्स लव्हली, मम्मा." आणि माझ्याकडे न बघता आत गेली. तिला मराठी सगळं कळतं, बोलताना मात्र इंग्लिशच येतं.

परवा शिवण उलटं करून आतून इस्त्री करायला घेतलं आणि बोटाला काहीतरी लागलं. गाठ. मग पुढच्या चुणीला गाठ. मग त्याच्या पुढच्या. मी चष्मा पुसून पाहिलं. जिथे जिथे माझे टाके वाकडे पडले होते तिथे तिथे ते उसवून कुणीतरी पुन्हा घातले होते, माझ्याहून सरळ, आणि सुरुवातीला घट्ट, घाबरट गाठ. पोरगी सीफच्या एका हॉटेलात कामाला आहे, तिची शिफ्ट दुपारची. सकाळी आम्ही दोघं निघून गेलो की घरात ती एकटी. मी तिला शिवण कधी शिकवलं नाही, म्हणून ती गाठी मारते.

आधी मला रागच आला. माझं काम माझ्या मागे उसवायचं म्हणजे काय. मग लाज वाटली, आणि मग लक्षात आलं, तिला कळलंय. कधीपासून कळलंय ते मला ठाऊक नाही. ती काही बोलत नाही आणि मीही नाही. तिच्या सुटकेसाठी मी ज्या हाताची एवढी लपवाछपवी केली, त्याच हातामागे ती रोज सकाळी बसते आहे.

बाबा, मीही बसत होते. त्या दोन वर्षांत तुमचा हात चालेनासा झाला तेव्हा गिऱ्हाईक तुटू नये म्हणून तुम्ही दुपारी झोपलात की मी तुमचे टाके उसवून पुन्हा घालायची. तुमच्यासारखेच, बिनगाठीचे. मला वाटायचं तुम्हाला कळत नाही. तेव्हा तुमची एक सवय बिघडली होती. मी काम घ्यायला यायची तर सुई कापडातच टोचलेली, नेमकी जिथे शिवण बिघडली असेल तिथे. मी तुम्हाला रागवायचीही. "बाबा, सुई राह्यली कपड्यात." तुम्ही डोळे न उघडता म्हणायचात, "राह्यली असन. आता ध्यानात राहत नाई." आजाराने विसरभोळे झालात असं मी धरून चालले. शेजाऱ्यांनाही तसंच सांगितलं.

त्या सुईत दोरा ओवलेला असायचा. इतक्या वर्षांनी, हातात ती गाठीची चुणी धरून, मला ते आठवलं. ज्या हातात चहाचा कप ठरत नव्हता, त्या हाताने तुम्ही रोज सुईत दोरा ओवत होतात आणि माझ्यासाठी ठेवत होतात. आणि तरी दर आठवड्याला मला म्हणायचात, "जाय न आता तू. त्याले तिकडं कोन आहे? माह्यं मी करतो." मी ते खरं मानलं नाही याचं आज बरं वाटतं, आणि भीतीही वाटते.

कारण मीही पोरीला हेच सांगते. तिकिटाची तारीख पुढे ढकलायची नाही, आम्ही दोघं मजेत आहोत, तू जा. तिने घातलेली एक चुणी पांढऱ्या रेघेच्या थोडी बाहेर गेली आहे. मागून नीट दिसते. काल मी ती उसवून ठेवली. आज सकाळी ती पुन्हा शिवायला बसले, हे खाली गाडीत हॉर्न वाजवत होते, आणि दोरा सुईच्या नाकात जाईना. किती वेळा ओला केला, किती वेळा टोक कापलं, सांगत नाही. शेवटी गेला. तेव्हा शिवायला वेळ उरला नव्हता. सुई मी त्या चुणीत टोचली आणि सुईची उशी ड्रॉवरमध्ये ठेवून दिली. जिना उतरताना मनात आलं, पोरगी नाहीच गेली तर किती बरं होईल. हे मी कुणाला सांगणार नाही, तुमच्याखेरीज, आणि तुम्हालाही पाठवणार नाही. साहेब यायच्या आत सगळं पुसून टाकीन.

आता ती उठली असेल. चहाचा कप घेऊन टेबलाशी आली असेल. रात्री तिने सुईचं विचारलंच, तर मी म्हणणार आहे, राहिली असेल गं, आता ध्यानात राहत नाही.