वीस पावलं वाऱ्याकडे

चाचा, मी तुमच्यावर चिडले आहे. तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली, आणि गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात, पण रागावण्यासारखी गोष्टच मला या एप्रिलमध्ये कळली, त्याला मी काय करू? त्या परीक्षेबद्दल लिहिते आहे. आपल्या क्लबाच्या शेवटच्या पायरीची परीक्षा, मी आणि माझी कुत्री काळी जी पास झालो ती. जिच्या जोरावर मी इतकी वर्षं दर शुक्रवारी लोकांना आणि त्यांच्या कुत्र्यांना शिकवते आहे, ती. तुम्हाला आठवत असेलच. केलंत तुम्हीच, आठवणार नाही कसं!

आपली ओळख अल हैलच्या किनाऱ्यावरची. मी पुण्यातली माझी नोकरी सोडून नवऱ्याच्या नोकरीपाठोपाठ इथे आखातात आले होते, आणि देश सोडून निघालेल्या एका शेजारणीनं तिची काळी लॅब्रेडोर माझ्या गळ्यात बांधली होती. काळी म्हणजे तेव्हा नुसता धुमाकूळ. कुणाची चप्पल, कुणाचा चेंडू, कोळ्यांच्या जाळ्याशेजारी पडलेला मासा, जे दिसेल ते उचलून पळायची. त्या दिवशी मासा होता. मी "काळी, ये! काळी, ये ना गं!" करत धावते आहे आणि तुम्ही पिकअपला टेकून बघताय. "बाय," तुम्ही म्हणालात, "तू एवढ्या वेळा ये ये करतेस, ती कशाला येईल? तिला ठावं हाय, तू परत बोलवणार." पुण्यात मला असं कुणी म्हटलं असतं तर मी दोन शब्द सुनावूनच पुढे गेले असते. पण तुम्ही एकदाच शिट्टी वाजवलीत आणि पाठ फिरवून चालायला लागलात. काळी मासा तोंडात धरून तुमच्या मागोमाग. तुम्ही तो काढून घेऊन उन्हात उलटापालटा करून पाहिलात. दाताची एक खूण नव्हती. "तोंड नरम हाय हिचं. शुक्रवारी घेऊन ये."

त्या शुक्रवारी रुसैलच्या अलीकडच्या वादीत, म्हणजे नदीच्या कोरड्या पात्रात, मी पहिल्यांदा क्लब पाहिला. शिकाऱ्यानं पाडलेला पक्षी शोधून, न चावता, मालकाच्या हातात आणून देणारी ही कुत्री, आणि देश असा की जिथे शिकारीला बंदी. बंदूक आपल्या क्लबात कधी आलीच नाही. पक्ष्याच्या जागी डमी असायच्या, आणि त्या तुम्ही शिवायचात. रुसैलच्या ज्या कारखान्यात तुम्ही स्टोअर सांभाळायचात तिथला टाकाऊ कॅनव्हास, आत गावाहून आणलेला काथ्या, म्हणजे समुद्रात टाकली तरी तरंगेल. सगळं काम फुकट. सहा दिवस कारखाना आणि सातव्या दिवशी पहाटे पाच वाजता दुसऱ्यांच्या कुत्र्यांसाठी झुडपाआड उकिडवं बसायचं. माझा नवरा म्हणायचा, तुमचा क्लब म्हणजे लष्कराच्या भाकऱ्या. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही खूश झालात. "भाकरी तर भाकरी, कोणीतरी खातंय ना?" तुमचे वडील खाडीत बदकं मारायचे आणि घरचा कुत्रा पोहत जाऊन ती आणायचा, हे तुम्ही मला किती वेळा सांगितलंत. शिकारीचा कुत्रा चालतो, पण घरात नाय, हा तुमचा हिशेब. नमाजाचे कपडे पिकअपमध्ये वेगळ्या पिशवीत, आणि हात धुवायला पाण्याचा कॅन.

क्लबानंतर तुम्ही आमच्याकडे चहाला यायचात. मागच्या दारानं थेट स्वयंपाकघरात, सोफ्यावर कधी बसला नाहीत. ओट्याशी उभं राहून चहा प्यायचा, माझं पिठलं वाटीतच खायचं आणि मधूनच बोलणी बसायची. एकदा मी काळीला लांब पाठवताना घाबरून शिट्टीवर शिट्टी वाजवली होती. त्या दिवशी तुम्ही वाटी ठेवलीत आणि म्हणालात, "आज तुझा कुत्रा कामात होता, तू नव्हतीस. ती वास घेत होती आणि तू तिच्या कानात ओरडत होतीस. विश्वास नाय ठेवायचा तर पाठवायचं कशाला?" मी रडले. तुम्ही समजूतही काढली नाहीत, उरलेलं पिठलं संपवून गेलात. मला राग आला आणि दुसऱ्या दिवसापासून मी खरंच शिकायला लागले. स्वयंपाकघरात तुम्ही इतकं बोलायचात, चाचा. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

फेत वादळ येऊन गेलं त्याच्या पुढचा हिवाळा. क्लबाच्या मुख्य शिक्षकानं देश सोडला, आणि आपल्या अध्यक्षांनी, त्या उंच म्हाताऱ्या इंग्रज गृहस्थांनी, जाहीर केलं की शेवटची परीक्षा ज्याचं कुत्रं सगळ्यात चांगली देईल तो नवा शिक्षक. परीक्षेला दोघंच उरलो होतो. मी, आणि बँकेतले ते ठाण्याचे गृहस्थ, ज्यांचा सोनेरी कुत्रा इतका शिस्तीचा होता की बघून धाक वाटावा. त्यांनी कुत्र्याच्या गळ्यात विजेचा पट्टा बांधला होता. रिमोटचं बटण दाबलं की झटका. मीटिंगमध्ये ते म्हणाले, शिक्षक झालो तर सगळ्यांनाच हे घ्यायला लावीन, सहा महिन्यांत फरक बघा. काहीजणांनी माना डोलावल्या. तुम्ही कोपऱ्यात थर्मास उघडून कपात चहा ओतत होता. मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही साखर विचारलीत.

परीक्षा अशी, की डमी लपवलेली असते आणि कुत्र्यानं ती पडताना पाहिलेली नसते. मालकाला फक्त दिशा माहीत. हातानं आणि शिट्टीनं कुत्र्याला तिथवर न्यायचं, ज्याला कमी शिट्ट्या लागतील तो वरचढ. लपवायचं काम अर्थातच तुमचं. आधी त्यांचा कुत्रा गेला आणि पाचव्या शिट्टीला खडकामागच्या खळग्यातून डमी घेऊन आला. तुम्ही ती परत ठेवायला गेलात. मग मी काळीला सोडलं. एक शिट्टी, ती बसली, मी उजवीकडे हात केला. दुसरी शिट्टी. तिसरी. ती फारच डावीकडे गेली होती, आणि मी चौथी वाजवायला शिट्टी ओठांना लावली आणि थांबले. तुमचं बोलणं आठवलं म्हणून थांबले, चाचा. विश्वास नाय ठेवायचा तर पाठवायचं कशाला. आणि त्याच क्षणी काळीनं मान वर केली, वळली, आणि सरळ जाऊन डमी उचलली. ठाण्याचे गृहस्थ पुढे आले आणि त्यांनी माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं. ते मनापासून होतं. पुढच्या महिन्यात त्यांनी क्लब सोडला. तुम्हीही त्याच उन्हाळ्यात नोकरी संपवून गावी गेलात, आणि पाऊस संपायच्या आत तुमच्या पुतण्याचा फोन आला की चाचा गेले.

आता माझी लाज ऐका. त्यानंतर दर ऑक्टोबरला, हंगामाच्या पहिल्या शुक्रवारी, मी नव्या लोकांना ही गोष्ट सांगते. न वाजवलेल्या चौथ्या शिट्टीची गोष्ट. आपल्या कुत्र्यावर विश्वास ठेवा, असं म्हणते, आणि माझा आवाज किंचित भरून येतो. लोक टाळ्या वाजवतात. एका बाईनं ती गोष्ट लिहून फ्रिजवर चिकटवली आहे.

एप्रिलमध्ये अध्यक्ष कायमचे मायदेशी निघाले म्हणून त्यांच्या घरी दुपारचं जेवण होतं. मी निरोपाचं बोलताना पुन्हा तीच गोष्ट सांगितली. म्हातारा हसला, मला बाजूला घेऊन गेला आणि इंग्रजीत म्हणाला, "आता तरी तुला कळायला हरकत नाही. त्यानं ती डमी हलवली होती. खळग्यातून काढली आणि वीस पावलं वाऱ्याकडे, उघड्यावर ठेवली. मी दुर्बिणीतून पाहत होतो. आंधळ्या कुत्र्यालाही वास आला असता." मला वाटलं थट्टा चालली आहे. मी विचारलं, आणखी कोणाला माहीत आहे? ते म्हणाले, आम्हा जुन्या सगळ्यांनाच. मी विचारलं, मग तुम्ही परीक्षक होता, बोलला का नाहीत? त्यांनी खांदे उडवले. "मीही त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, साब, लडकी को कम आता है, लेकिन वो मारती नहीं. मला ते पटलं."

लडकी को कम आता है. आठ वर्षं मी हे न ऐकता जगले.

मला नेमका कशाचा राग आला आहे ते सांगते, कारण तुम्ही म्हणाल, बाय, चांगल्यासाठीच केलं. चांगल्यासाठी केलंत हे मला कळतं, म्हणून तर रागाला कुठे टेकायला जागा मिळत नाही. तुम्हाला तो पट्टा नको होता. मलाही नको होता. मग त्या मीटिंगमध्ये मूग गिळून का बसलात? तुमच्या एका वाक्यानं ते सगळं तिथेच खलास झालं असतं. म्हातारा तुमचं ऐकायचा, सगळेच ऐकायचे, कुत्र्याचं काहीही बिनसलं की तुम्हालाच हाका मारायचे. तुम्ही उभं राहून मोडक्या हिंदीत जरी म्हणाला असतात की ज्याला झटका देऊन शिकवावं लागतं त्याला शिकवता येत नाही, तर परीक्षाच लागली नसती. तुम्हालाच शिक्षक केलं असतं! पण तिथे इंग्रजी चालतं, तिथे मोठ्या पगाराची माणसं खुर्च्यांवर बसतात, म्हणून तुम्ही थर्मास धरून कोपऱ्यात राहिलात. माझ्या ओट्याशी उभं राहून मला रडवायला तुमची जीभ चालत होती. तिथे बोलायचं धाडस झालं नाही म्हणून फसवणूक केलीत, आणि मला त्या फसवणुकीवर उभं केलंत. त्या ठाण्याच्या माणसाचा विचार केलात? त्याची पद्धत वाईट होती, पण ती परीक्षा त्यानं जिंकली होती. हरल्यावर त्यानं माझा हात हातात घेतला, चाचा. मी तो हात ऐटीत हलवला.

आणि मी? मला हरू द्यायचं होतंत. मी हरले असते, रडले असते, पुढच्या वर्षी पुन्हा आले असते. तुम्ही मला शिकवलंत, आणि मग मला येत नाही असं ठरवून मोकळे झालात. ते तोंडावर सांगायला काय झालं होतं? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण मूठ तुमची होती आणि आत मी होते. सगळ्या जुन्या मंडळींनी आठ वर्षं माझी ती गोष्ट ऐकून टाळ्या वाजवल्या. कुणी हसलंही नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मीही तुम्हाला कधी "चाचा, बोला ना" म्हटलं नाही, हे खरं आहे. त्या मीटिंगमध्ये तुम्ही साखर विचारलीत तेव्हा मी एक चमचा म्हणाले आणि कप घेतला. मला शिक्षक व्हायचं होतं. पण ते माझं मी बघेन, आज तुमची पाळी आहे.

हे पत्र कुठे पाठवणार? तुमच्या पुतण्याचा पत्ता आहे माझ्याकडे, पण त्या बिचाऱ्यानं हे वाचून काय करायचं? तर ते इथेच राहील, आणि इथेच राहणार आहे म्हणून एक सांगून टाकते. काळी तीन वर्षांपूर्वी गेली, आता तिची लेक माझ्याकडे आहे. त्या जेवणाच्या पुढच्या शुक्रवारी मी तिला एकटीलाच घेऊन वादीत गेले. मला येतं, हे मला बघायचं होतं. ती हुकमाआधी सुटली. परत बसवली, परत सुटली. तिसऱ्यांदा सुटली तेव्हा मी तिला पकडून आणलं आणि दोरी दुमडून तिच्या तोंडावर मारली. दोनदा. पहिल्यांदा राग होता, दुसऱ्यांदा नव्हता. क्लबात कुणाला हे माहीत नाही. ती आता हुकमाशिवाय हलत नाही, लोक कौतुक करतात. मी पाठवायला हात वर केला की ती आधी डोळे मिटते, आणि मग पळते.