पडद्याचा टांगा

जबलपूर, ३ मार्च १९४३
टांगा बंद. टांगेवाले करीमचाचा आजपासून छावणीच्या सदर बाजारात सोल्जरांच्या फेऱ्या मारणार. म्हणे, "बेटा, पोरींच्या फेरीत घोड्याचा चारा पण सुटत नाही." गल्लीतल्या चारही पोरी ह्याच पडद्याच्या टांग्यातून शाळेत जायच्या. नऊ तारखेपासून त्यांची मॅट्रिक!

४ मार्च
अब्बांना कळता कामा नये. बहिणीला, जुबेदाला, आमच्या गावाहून, एलिचपुराहून माझ्याकडे पाठवली तेव्हा एकच अट — पडद्याचा टांगा असेल तर शाळा, नाहीतर घर. मी चौथीत सुटलो, गावच्या मराठी शाळेतून. हेही त्याच मराठीत लिहून राहिलो. मागच्या साली मॅट्रिकच्या वर्गात मुसलमान पोरगी एकच होती. यंदा चार. आणि पहिला नंबर माझ्या बहिणीचा.

६ मार्च
तोफांच्या फॅक्टरीत रजा मागितली. फोरमन रामराव म्हणाले, "तुझ्या बहिणीसाठी लढाई थांबवू काय, नजीर?" सगळे हसले. मग जवळ येऊन, हळूच — "गैरहजर राहू नको. बिल्ला काढून घेतील, नोकरी जाईल. माझ्या हातात काही नाही."
घरी म्हटलं, पायी जाऊ, मी पुढं, तुम्ही मागं. जुबेदा म्हणाली, "तू तर फॅक्टरीत असशील, भाई." भूमिती करत होती. वर पाहिलं पण नाही.

८ मार्च
टांगा नाही. कुठंच नाही.

९ मार्च
हजेरी लावली, पोट दुखतं सांगून फाटकाबाहेर पडलो. सदरात एक टांगा अडवला. बाजारातून चादर घेऊन चारी बाजूंनी बांधली. घाईत गाठ बसेना.
गल्लीत आलो तर दाराला कुलूप. समोरच्या खाला जिन्यावरून म्हणाल्या, "गेल्या कधीच्या. बुरखे घालून, चालत, कमानिया गेटातून. तुझी जुबेदा सगळ्यांच्या पुढं. बाजार बघत राहिला."
मी रिकाम्या टांग्यात. टांगेवाला विचारतो, "अब कहाँ, भैया?"

१० मार्च
फाटकावर बिल्ला काढून घेतला. रामरावांनी मान फिरवली. जुबेदाला सांगितलं नाही, उद्या गणित आहे. खोली कशी ठेवू? तिला पुढं कसा शिकवू? अब्बांना काय तोंड दाखवू?

११ मार्च
सकाळी दारात पोरी. गल्लीतल्या तिघी, आणि तीन नव्या, लहान — त्यांच्या घरून आजवर शाळेत कोणी गेलं नाही. शाळा बघायची म्हणतात. मी उठून जोडे शोधू लागलो.
"तू काहून उठला, भाई? काम गेलं ते खालांनी सांगितलं मला. झोप. आम्ही जातो."