एफुआची केबल

प्रिय एफुआ,

तुझं पत्र गुरुवारी मिळालं. आईला वाचून दाखवलं. महिनाअखेरपर्यंत गावाने होकार दिला नाही तर समुद्राखालची इंटरनेटची केबल पलीकडच्या गावाच्या किनाऱ्याला लागेल आणि तुझी ही नोकरीची जागा जाईल, एवढं मात्र तिला सांगितलं नाही. तिचा रक्तदाब मलाच सांभाळायचा असतो. कोरा कागद कशाला खर्च करायचा म्हणून चर्चच्या महिला मंडळाच्या जुन्या पत्रकांच्या पाठीवर लिहिते आहे, राग मानू नकोस.

मार्चमध्ये तू सरकारी गाडीतून उतरलीस, तेव्हापासून आईला दुसरा विषय नाही. त्या दिवशी तुझ्या ब्लाउजची शिलाई बोटांनी चाचपत ती मला म्हणाली, "अराबा, पाणी आण की, पोरगी पार राजधानीतून, अक्राहून आलीय." मी पहाटेपासून मासळीला धूर देत भट्टीपुढे उभी होते, पण माझ्या घशाची कोणाला पडली होती? तुझ्यासाठी कापली ती कोंबडीही माझी, रोज अंडं देणारी. मांडीसुद्धा तुझ्याच ताटात गेली. वर्तमानपत्रातला तुझा पिवळ्या हेल्मेटातला फोटो आईच्या बायबलात असतो. माझा लग्नातला एक फोटो घरात आहे, त्यातही पुढे तूच उभी आहेस. रोज प्रार्थनेत सगळ्यांची नावं घेते, तुझ्या नावाशी आले की जीभ जड होते. देवाला ठाऊक आहे, तुलाही असू दे. शालान्त परीक्षेत माझे गुण तुझ्यापेक्षा जास्त होते, एफुआ. बाबांना एकीलाच पुढे पाठवणं झेपणार होतं, आणि भट्टीला हात हवे होते ते थोरलीचे. बाबांवर माझा राग नाही. पण इतक्या वर्षांत तू ते एकदाही बोलून दाखवलं नाहीस.

तू लिहितेस की कोबिनाने गाव केबलविरुद्ध फिरवलं, आणि त्याला तू कधी माफ करणार नाहीस. कोबिना बोलतो खूप, हे खरं. पण तो बोलतो तेच सगळ्यांच्या पोटात असतं. मागच्या निवडणुकीआधी सरकारने बांधलेल्या शीतगृहात आज शेळ्या बसतात, पाटी तेवढी दर वर्षी रंगवून जातात. "बर्फ देतो म्हणाले आणि चार भिंती दिल्या. आता इंटरनेट देतो म्हणतायत, बघू काय हातात पडतंय ते," असं तो जाळं विणता विणता म्हणतो. बाजारातल्या सगळ्या बायकांवर हुकूम चालवणारी बाजाराची राणी मामे अजोआ त्याच्याही पुढची. तिचं म्हणणं, खाजगी कंपनी असती तर तिच्या दारात जाऊन बसलो असतो, सरकारचं दार तर दर निवडणुकीला बदलतं, भांडायला कुठे जायचं? यात खोटं काय आहे सांग. लोक मलाही सोडत नाहीत. "सिस्टर अराबा, बहिणीची केबल आली की आम्ही घरबसल्या फोनवरून मासे धरणार ना?" सगळे हसतात. मीही हसत होते, जरा जास्तच.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. कोबिनाने गाव फिरवलं नाही. केबलसाठी भरलेल्या गावाच्या सभेत मामे अजोआने तुमच्या ऑफिसचा कागद माझ्या हाती दिला, कारण ते इंग्रजी धड वाचणारी बाजारात मी एकटीच. मी एकेक वाक्य आपल्या फान्टी भाषेत सांगत गेले. तीनशे माणसं गप्प बसून माझं ऐकत होती, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. एका पानाच्या तळाशी होतं की दोन खडकांमधल्या किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढायला आणि होड्या लावायला मनाई राहील. वाक्य तिथे संपत नव्हतं. पान उलटून पाहिलं तर पुढे होतं, फक्त काम चालेल ते सोळा दिवस, नंतर किनारा पहिल्यासारखा मोकळा. त्याच्याखाली तुझी सही होती, ऐटबाज, लांब शेपटीची. मी ती पाहिली आणि कागद मिटला. "एवढंच आहे," म्हणाले. किनारा कायमचा गेला असंच सगळे समजले, पुढचा गोंधळ तुला माहीत आहे. मंगळवार समुद्राच्या विश्रांतीचा, येत्या मंगळवारीही नेहमीप्रमाणे कोणी मासेमारीला जाणार नाही, म्हणून जाळ्यांच्या छपराखाली मी सगळ्यांना बोलावलं आहे. तो कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचेन, आणि मागे काय गाळलं तेही सांगेन. मंडळाचं चिटणीसपद जाईल, बाजारात मान खाली घालून चालावं लागेल. त्यानंतरही शीतगृह आठवून लोकांनी नाही म्हटलं, तर त्यांचा तो हक्क आहे, मी तुझी बाजू घेणार नाही. तू लिहितेस की त्याच मंगळवारी तू गावात येतेस. येऊ नकोस, एफुआ. तू आलीस की सगळ्या माना तुझ्याकडे वळतील, आणि ते पान उलटल्यावर मी पुन्हा कागद मिटून टाकीन. मला माझी खात्री नाही.

एवढं होऊनही तुझीच थोरली,
अराबा